शून्य नंबरची चिठ्ठी

आमच्या कॉलेजात दोन प्रकारचे मास्तर आहेत. एक कायम आणि दुसरे तासिकेवरचे. कायम मास्तरांना सुट्टीत पगार मिळतो आणि तासिकेवरच्यांना नुसतीच सुट्टी मिळते. मी दुसऱ्या प्रकारातला. जेवढे तास शिकवायचे तेवढ्याचे पैसे. सत्र संपलं की संस्था आमची नोकरी तोडते आणि पुढचं सत्र लागलं की नव्यानं जोडते, म्हणजे उद्या कोणी कोर्टात जाऊन सलग नोकरी दाखवायला नको. उन्हाळ्यात तास नसतात तेव्हा आम्हाला ॲडमिशन गोळा करायला पाठवतात. नांदगाव खंडेश्वरच्या, चांदूर रेल्वेच्या बारावीच्या पोरांच्या घरी जाऊन, मिळेल ते चहापाणी घेऊन, आमचं कॉलेज किती चांगलं हे सांगायचं. एकदा एका बापानं मला विचारलं, "सर, तुमच्या कॉलेजात शिकून नोकरी लागते का?" मी हो म्हणालो. माझ्या स्वतःच्या नोकरीबद्दल त्यानं काही विचारलं नाही हे त्याचे उपकार.

अमरावतीच्या बाहेर, जिथे शहर संपून तुरीची शेतं लागतात, तिथे हे कॉलेज आहे. तिथे मी सी या भाषेत प्रोग्रॅमिंग शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता पुण्याहून फोन करतात आणि "सर, अजून तिथेच का?" असं विचारतात. तिथेच, म्हणजे दुसरीकडे कुठे? मला कायम व्हायचं होतं. एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि ती हवी असल्याचं संस्थेतल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माझी चूक झाली असेल तर ती इथे झाली. ज्याला काय हवंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच्याकडून काहीही करून घेता येतं.

अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या संस्थेचा एक धर्मादाय दवाखाना अकोल्यात आहे. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं, स्वतः खुर्ची दाखवली. खुर्ची दाखवली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"सर, आपल्या अकोल्याच्या दवाखान्यात लई बोंबाबोंब होऊन राहिली," ते म्हणाले. "कोनाचा नंबर कधी लागते, कोनालेच समजत नाई. एक कंपनीवाला मशीन विकाले आला होता. मी म्हनलं, आपल्या घरचे मास्तर असताना भायेर काहून जाचं? तुमी बनवा. यंदा कॉम्प्युटरची एक जागा निघून राहिली. मी तुमाले विसरत नाई."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती अकोल्याची. तिच्या माहेरी दर दिवाळीला "जावई काय करतात?" हा प्रश्न येतो आणि "कॉलेजात आहेत" या उत्तरानंतर एक लहानशी शांतता पसरते, ती तिला कित्येक वर्षांपासून पाठ आहे. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "लेखी देलं का काही?" मी म्हणालो, असं लेखी कोणी देत नाही. ती म्हणाली, "मंग करा. करून तर पाहा."

मी केलं, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून केलं. इतकी वर्षं नुसतं फळ्यावर लिहिलेलं काहीतरी पहिल्यांदा खऱ्या माणसांच्या उपयोगी पडणार होतं. एक लहानसा कंट्रोलर बोर्ड, टोकन छापायला छोटा प्रिंटर, भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. बोर्डात जागा इतकी कमी, की सी सोडून दुसरं काही त्यात मावलंही नसतं. आधी चार-पाचदा अकोल्याला जाऊन नुसता ओपीडीत बसलो. डॉक्टरांच्या दारावर एक अटेंडंट उभा असायचा. सगळा कारभार त्याच्या तोंडी. पहाटेच्या एसटीनं खेड्यावरून आलेली माणसं बाकावर बसलेली आणि अकरा वाजता गाडीतून उतरलेला माणूस थेट आत. कारण त्याच्या हातात चिठ्ठी. कधी भाऊसाहेबांची, कधी त्यांच्या पीएची, कधी त्यांच्या साडूची. आमच्याकडे दवाखान्यात जायचं ठरलं की आधी तपासणीचे जुने कागद कोणी शोधत नाही, ओळख शोधतात.

मी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरला विचारलं, नियम काय असावा? ती म्हणाली, "जो आधी आला तो आधी. पन जो पेशंट खरंच सीरियस हाये त्याले मी पाहून सांगीन, त्याले पुढे घ्या. बाकी कोनाचं आयकू नका." इतका साधा आणि सरळ नियम मला आमच्या संस्थेत कोणी कधी सांगितलेला नव्हता.

याच कामासाठी तयार प्रोग्रॅमची एक जुनी लायब्ररी मला माहीत होती. कुठल्यातरी परक्या माणसानं लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेल्या दोन फायली. प्रायॉरिटी क्यू, म्हणजे ज्याचा आकडा लहान त्याला आधी सोडणारी रांग, आणि तिच्या पोटात हीप, म्हणजे आकडे मांडून ठेवायची रीत. पोरांना मी हीप नेहमी असा समजावतो: हे एक घराणं आहे. यात एकच गोष्ट ठरलेली, की बापाचा आकडा लेकरांच्या आकड्यापेक्षा लहान असणार. भावाभावांत कोणाचा लहान, कोणाचा मोठा, याच्याशी हीपला देणंघेणं नाही. त्यामुळे सगळ्यात लहान आकडा आपोआप सगळ्यात वर सापडतो. त्याला बाहेर काढलं की शेवटचा उचलून वर ठेवायचा आणि त्याला त्याच्या जागेपर्यंत खाली उतरू द्यायचं. नवा आला तर तळाशी ठेवायचा आणि आपल्या बापापेक्षा लहान असेल तर वर चढू द्यायचं. सगळी रांग पुन्हा लावायची गरज नाही, दोन-चार अदलाबदली केल्या की काम झालं.

आकडा कोणता द्यायचा हे मात्र मला ठरवायचं होतं, आणि ते ठरवलं याचा मला आजही अभिमान आहे. आकडा म्हणजे माणूस दवाखान्यात आला ती वेळ. सिस्टरनं सीरियसचं बटण दाबलं तर त्यातून एक तास वजा, म्हणजे तो तासभर आधीच आला होता असं धरायचं. बस्स. याची खुबी अशी, की उशिरा येणाऱ्याचा आकडा मोठाच होत जातो. त्यामुळे एकदा येऊन बसलेला माणूस कायमचा मागे पडू शकत नाही. कितीही सीरियस पेशंट आले तरी एक वेळ अशी येते, की पहाटेपासून बसलेल्या म्हातारीपेक्षा लहान आकडा कोणाचाच उरत नाही. तिचा नंबर लागतोच. संस्थेत कोणी आमच्यासाठी असा हिशेब लावला असता तर मी कधीच प्राध्यापक झालो असतो.

मशीन लागलं आणि चाललं. दवाखान्यातला आरडाओरडा थांबला. माणसं टोकन घेऊन निवांत बसू लागली, मधूनच खाली जाऊन चहा पिऊन येऊ लागली. अटेंडंट मला म्हणाला, "सर, पहिल्यांदा कोनी मले शिव्या देऊन नाई राहिलं." पुढचे काही दिवस मी अमरावतीत नुसता हवेत होतो. बायकोनं तर शेजारणीला सांगूनही टाकलं, की यंदा कायम झाल्याची ऑर्डर निघते म्हणून.

मग भाऊसाहेबांचा फोन आला. आधी बरंच कौतुक केलं. मग म्हणाले, "सर, एक बटन कमी हाये."

"कोणतं?"

"आता आपला मानूस आला, तर त्याले का दिवसभर बसवाचं? चिठ्ठीचं बटन पाहिजे. टोकन नंबर टाकला, बटन दाबलं, का तो पुढे."

मी त्यांना नियम सांगितला. सिस्टरचा नियम, तासाचा हिशेब, म्हातारीचा नंबर. मी वर्गात बोलतो तसा बोलत राहिलो, आणि पलीकडे ते वर्गातल्या पोरांसारखेच गप्प ऐकत राहिले. शेवटी म्हणालो, "भाऊसाहेब, ते बटण मी नाही देणार. त्यानं मशीनचा अर्थच जातो." ते म्हणाले, "बरं." वऱ्हाडात मोठ्या माणसानं नुसतं "बरं" म्हटलं की समजून घ्यायचं, आपलं बरं नाही.

चिठ्ठीचं बटण भाच्यानं बसवलं. भाऊसाहेबांचा भाचा, माझाच विद्यार्थी. आमच्याच कॉलेजातून शिकलेला आणि नुकतीच पुढची पदवी घेऊन आलेला. पोरगा वाईट नाही हे मला आधीच सांगितलं पाहिजे. तो वाईट असता तर माझं ओझं हलकं झालं असतं. भेटला की वाकून नमस्कार करतो. प्रोग्रॅम संस्थेच्या कॉम्प्युटरवरच होता. त्यानं तो उघडला, चिठ्ठीवाल्याचं टोकन शोधलं, त्याच्या आकड्याच्या जागी शून्य लिहिलं आणि काम झालं असं समजला. शून्यापेक्षा लहान काय असणार?

झालं नाही. हीपमध्ये बसलेल्याचा आकडा परस्पर बदलता येतो, सी कोणाचा हात धरत नाही. पण तसा बदलला तर लायब्ररीला सांगावं लागतं, की याचा आकडा बदलला, याला योग्य जागी ने. त्यासाठी तिच्यात वेगळं फंक्शन आहे, त्याला हाक मारणं एका ओळीचं काम. ते नाही केलं तर आकडा शून्य होतो आणि माणूस बसल्या जागीच राहतो. त्या भाच्याला ती ओळ सुचली नाही यात नवल कसलं? त्याच्या घरात आकडा बदलला की माणसं आपोआप बाजूला होतात. कोणाला सांगावं लागतं हेच त्यानं कधी पाहिलेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. माणूस आधीच वरच्या जागी असला तर चिठ्ठी झटकन लागायची, नाही तर अजिबात नाही. एका सकाळी भाऊसाहेबांचे व्याही गुडघा दाखवायला आले. चिठ्ठी होती, बटण दाबलं होतं, आणि ते बाकावर तसेच बसून. एकामागून एक साधी माणसं आत जात होती आणि यांचा आकडा पाटीवर येत नव्हता. खरी गंमत, गंमत कसली म्हणा, पुढेच आहे. त्याच वेळी दम्याचा जोर झालेली एक बाई आली. सिस्टरनं सीरियसचं बटण दाबलं. बाईचा आकडा वर चढू लागला आणि नेमका या व्याह्यांच्या खाली जाऊन अडकला. कारण त्यांचा आकडा शून्य, आणि शून्याला ओलांडून कोण जाणार? ते स्वतःही पुढे जाईनात आणि तिलाही जाऊ देईनात. शेवटी सिस्टरनं पाटीकडे पाहणं सोडलं आणि बाईला हाताला धरून आत नेलं.

दुपारी मला दवाखान्यातून फोन आला. "तुमचं मशीन बिघडलं." बटण बसवताना ते संस्थेचं होतं, बिघडल्यावर माझं झालं. मी तासाला सुट्टी टाकून अकोल्याला गेलो. लॅपटॉप जोडून आतली मांडणी पाहिली, आणि खालच्या एका ओळीत, मोठ्या आकड्यांखाली, शून्य बसलेलं दिसलं. चूक समजायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

भाऊसाहेब तिथेच होते, भाचाही होता. मी सांगितलं, "मशीनमध्ये काही बिघाड नाही. चिठ्ठीच्या बटणात आहे."

"दुरुस्त होते का?"

"होते. एका ओळीचं काम आहे."

"मंग टाका ना ती ओळ," ते शांतपणे म्हणाले. "येत्या आठवड्यात मुलाखती हायेत. तुमाले माहीतच हाये."

खोलीत पंखा फिरत होता आणि भाचा जमिनीकडे बघत होता. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. ती ओळ लिहिली असती तर मला ऑर्डर मिळाली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. भाऊसाहेब शब्दाचे पक्के आहेत. मला बायकोची आठवण झाली, शेजारणीची झाली, दिवाळीतल्या त्या शांततेची झाली. राग आला, खूप राग आला, आणि त्या रागात मी ओळ टाकली नाही. उलट चिठ्ठीचं सगळं बटणच काढून टाकलं, जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा बसवला आणि म्हणालो, "आता चुकणार नाही."

"बरं," भाऊसाहेब म्हणाले.

दोन-तीन दिवसांत पाटी भिंतीवरून उतरली. अटेंडंटनं कळवलं, "सर, मशीन स्टोरमंदी ठेवलं. मी पुन्हा दरवाज्यावर. शिव्या सुरू झाल्या."

मुलाखतीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माणूस मूर्ख असतो, त्याला शेवटपर्यंत वाटत राहतं. बाहेर बाकावर भाचा शेजारी बसला होता, त्यानं मला पाणी आणून दिलं. आधी तो आत गेला. नंतर मी गेलो तर समितीतल्या तज्ज्ञांनी, बाहेरगावचे होते बिचारे, मला विचारलं, "आता गेले ना, त्यांनी दवाखान्यासाठी टोकनची फार छान प्रणाली केली आहे. प्रायॉरिटी क्यू वापरून. तुम्ही असं काही प्रत्यक्ष काम केलंय का?" मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "नाही." घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "नाही काहून म्हनलं? काहून?" मग ती रडली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

भाचा कायम झाला. मी तासिकेवर राहिलो. कुठे जाणार? स्टाफरूममध्ये तो मला पाहून अजूनही उठून उभा राहतो. एका दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. तो आला, घुटमळला आणि म्हणाला, "सर, रागावू नका. ते शून्यवालं मला अजून कळलं नाही. मोबाइलमधल्या एआयला विचारलं तर तो सगळं नवंच लिहून देतो, ते आपल्या बोर्डात मावत नाही. शून्य केल्यावर माणूस वर का येत नाही?"

त्याला हाकलायला हवं होतं. पण प्रश्न बरोबर होता. इतक्या वर्षांत किती पोरांनी मला बरोबर प्रश्न विचारलाय? परीक्षेला काय येईल हे सोडून कोणी काही विचारत नाही. मी खडू घेतला. फळ्यावर घराणं काढलं, खाली एका कोपऱ्यात शून्य लिहिलं, आणि बापाचा आकडा मोठा असूनही शून्य खालीच का बसून राहतं ते दाखवलं. मग ते एक एक पायरी वर कसं न्यायचं, लायब्ररीतलं कोणतं फंक्शन ते करतं आणि त्याला कुठे हाक मारायची, हेही दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. तसा चेहरा उजळलेला पाहायला मी या धंद्यात आलो होतो. "आत्ता कळलं, सर," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि मलाही, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. शिकवणं हा हाताचा गुण आहे, समोर कोण उभं आहे ते हात बघत नाही.

परवा सासूबाईंची साखर तपासायला अकोल्याला त्याच दवाखान्यात गेलो होतो. भिंतीवर पाटी परत लागली होती. लाल आकडे पळत होते. मी टोकन घेतलं, सासूबाईंना बाकावर बसवलं. कडक कपड्यातला एक माणूस आला, खिडकीत चिठ्ठी सरकवली. आतल्या मुलीनं बटण दाबलं. पुढच्याच वेळी पाटीवर त्याचा आकडा आला, आणि तो उभ्याउभ्याच आत गेला. बाकावरचं कोणी काही बोललं नाही. मशीननं सांगितलं होतं ना, मशीनशी कोण भांडणार? थोड्या वेळानं दुसरी चिठ्ठी आली, तीही तशीच लागली. एक सीरियस पेशंट आला तोही न अडकता पुढे गेला, फक्त चिठ्ठीवाल्यांच्या मागून. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, अजून किती वेय लागन हो?" सगळी सकाळ त्या पाटीकडे टक लावून बसलो, कुठेतरी एखादा आकडा चुकेल म्हणून. एकही चुकला नाही.